साजेशी जागा

कंत्राटी लिफ्ट मेकॅनिकनं पक्क्या नोकरीसाठी एजन्सीत नाव घातलं होतं. वर्षभर "कळवतो, कळवतो" ऐकून त्याचे कान किटले होते. आज मात्र तिथल्या मुलीचा आपणहून फोन आला.

"काका, तुमची माहिती नीट वाचूनच फोन करतेय. इस्पितळातल्या लिफ्ट सांभाळायच्या. कंत्राटावरच आहे, पण काम अगदी तुमचंच."

"कुठलं इस्पितळ?"

तिनं नाव सांगितलं. तो भिंतीला टेकला.

"तिथं माणूस आहे ना?"

"त्याला काढतायत. त्याला अजून पत्ता नाही, तेव्हा कुठं बोलू नका हं."

"त्याला आधी सांग, बाळ. कामाजवळ राहावं म्हणून नुकतंच घर बदललंय त्यानं."

"अय्या! ओळखता त्याला?"

"हो," तो हळूच म्हणाला, "आत्ता तू त्याच्याशीच बोलतेयस."