ठेवा म्हणते ना!

"काय म्हणालात? मोठ्याने बोला हो!" सिग्रिड लिंडविक फोनमध्ये ओरडली.

भिंतीवरच्या फोनला तोंड लावून ती टाचा उंचावून उभी होती. स्टेशनमास्तर मॅकॉलीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. "लिंडविकबाई… तार आलीय… ओटावाहून… तुमचा आर्ने…" एवढंच कळलं. पुढचं सगळं खरखरीत गेलं.

आर्ने तिचा एकुलता एक. इटलीत लढत होता. टेबलावर त्याला धाडायचा केकचा डबा होता. महिनाभर बिनसाखरेची कॉफी पिऊन रेशनची साखर वाचवली, तेव्हा कुठे तो केक झाला होता. डब्यावर पिठाच्या पोत्याचं कापड अर्धंच शिवून झालं होतं, तेवढ्यात घंटी वाजली. ओटावाची, म्हणजे लष्कराच्या कचेरीची तार; काहीही असू शकतं. जखमी झाला असेल. घरी यायला निघाला असेल. किंवा… छे, भलतंच काय!

त्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांना मिळून फोनची एकच लाइन होती. घंटी सगळीकडे वाजायची. दोन लांब, एक तोकडी म्हणजे लिंडविकांची. हँडल गरागरा फिरवून वाजवलेली, न थांबणारी एकच घंटी म्हणजे कुठेतरी आग लागलीय, सगळ्यांनी उचला. पण आग असो नसो, उचलायचे सगळेच. श्वास रोखून ऐकायचे, आणि रविवारी चर्चमध्ये तीच बातमी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे डोळे मोठे करायचे. तेही चाललं असतं. पण जितके कान जास्त, तितका आवाज बारीक. आणि सिग्रिडचं घर लाइनीच्या अगदी शेवटच्या टोकाला. सगळ्यांचं ऐकून उरलंसुरलं तिच्या वाट्याला यायचं.

आत्ताही सगळे हजर होते. प्राइसबाईचं घड्याळ टकटकत होतं. ओलेक्सांचं बाळ कुरकुरत होतं. म्हाताऱ्या डनबरची छाती किटलीसारखी वाजत होती.

"प्राइसबाई, घड्याळ ऐकू येतंय तुमचं! ठेवा आधी! आणि डनबर, या वयात तरी लाज बाळगा! माझ्या पोराची तार आहे. ठेवा म्हणते ना!"

कुणी हललं नाही. कधीच हलत नसत. फोन ठेवला की खट् आवाज होतो, आणि मग ऐकत होतो हे कबूल केल्यासारखंच की.

"…रस्ता बंद नसता तर…" मॅकॉली सांगत होता, "मी स्वतःच आलो असतो…"

स्वतः? हा माणूस हिवाळ्यात शेगडीपासून हलत नाही, तो बर्फातून कशाला येतो? आनंदाची बातमी असेल म्हणून? सिग्रिडला काही सुधरेना. नवऱ्याला हाक मारावी तर तो दोर धरून गोठ्यात गेलेला. बाहेर हिमवादळात हात पुढे केला तर हात दिसत नव्हता.

"काय झालंय माझ्या आर्नेला? एकदा काय ते नीट सांगा ना!"

मॅकॉली काहीतरी लांबलचक वाचत होता. तिला फक्त त्याचा घोगरा स्वर ऐकू आला.

खट्. घड्याळ थांबलं.

"हां! आली ना लाज?" सिग्रिड म्हणाली. "बाकीच्यांनीही ठेवा!"

खट्. बाळ गेलं. मॅकॉलीचा आवाज थोडा मोठा झाला. "…कळवण्यास अत्यंत…"

शेवटी ऐकलं म्हणायचं! तिला बरं वाटलं. आणि मग एकदम बरं वाटेनासं झालं. इतकी वर्षं ती ओरडत आली होती. कुणी कधी ठेवला होता? ओलेक्साबाईचा नवरा इस्पितळात जिवंत सापडल्याची तार आली, तेव्हा तर सगळी लाइन एका सुरात बोंबलली होती. ऐकत होतो हे लपवायचं कुणाला भानच राहिलं नव्हतं. मग आज हे सगळे गुपचूप का चाललेत?

गेल्या हिवाळ्यात डनबरचा नातू युद्धात मारला गेल्याची तार आली होती. तेव्हा सिग्रिडनेही ठेवला होता. दोन्ही हातांनी, हळूच, आवाज होऊ नये म्हणून.

खट्. डनबरच्या छातीची घरघर बंद झाली.

लाइन स्वच्छ झाली. मॅकॉली शेजारी उभा राहून बोलल्यासारखा बोलला, "बाई, आता येतंय का नीट ऐकू? मी पहिल्यापासून वाचतो."

"नको," ती म्हणाली. "थांबा. नको."

तिने हँडल धरलं आणि फिरवायला लागली. गरागरा, थांबायचं नाव न घेता. आगीची घंटी. सगळ्या घरांतून ती वाजत राहिली.

खट्. घड्याळ परत आलं.

"मी आहे गं, सिग्रिड," प्राइसबाई म्हणाली. आजवर दुसऱ्याच्या फोनवर कुणी एक शब्द काढला नव्हता. "इथेच आहे मी."

मग बाळ आलं. मग डनबरची छाती आली. मग कुणाकुणाचे नुसते श्वास. मॅकॉली वाचायला लागला आणि त्याचा आवाज बारीक, आणखी बारीक होत गेला. शेवटी त्यातलं एक अक्षरही तिला कळेना.

रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून सिग्रिड घड्याळाची टकटक ऐकत राहिली. 'ठेवा' म्हणून ती कुणावर ओरडली नाही.