थांबलेलं इंजेक्शन

“इंजेक्शन काहून नाही देलं?” डॉक्टर धम्मरत्न यांनी विचारलं. ओरडण्याइतकं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं.

दीपमाला, त्यांची इंटर्न, भरलेली सिरिंज हातात धरून खाटेजवळ उभी होती. खाटेवर बोरी अरब गावचा बळीराम. सकाळी फवारणी करता करता शेतातच कोसळलेला. यंदा कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा उलटा तोंडावर येई, आणि वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. फवारणीवाला आला की ॲट्रोपिन, विषावरचा उतारा. बरा दिसेना, तर आणखी ॲट्रोपिन. धम्मरत्न हे झोपेतही करू शकले असते. हाताखालच्या पोरांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं: विचार करत बसू नका, हात चालवा. बाकीचे पटापट शिकले. या पोरीनं मात्र नाकी नऊ आणले होते. प्रत्येक पेशंटपाशी रेंगाळायची. आज तिचा इथला शेवटचा दिवस, पण तिला पास करायचं नाही, आणखी महिनाभर राबवायचं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बळीराम बरळत होता. हवेत बोटं चालवत काहीतरी खुडत होता.

“कापूस येचून राह्यले जी,” त्याची बायको नलू रडत म्हणाली.

“विष डोक्यात चढलं त्याच्या. दे लवकर.”

दीपमालानं सिरिंज पाठीमागे नेली. “सर, विषाचा जोर असता तर घाम असता, तोंडाला फेस असता. यांची जीभ कोरडीठाक आहे. अंग भाजतंय. हे विष नाही, सर. आपलंच औषध जास्त झालं.”

धम्मरत्न यांनी चिडूनच त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. या विषानं बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. बळीरामच्या मोठ्या झाल्या होत्या, पार डोळाभर. ज्यानं पोरांना बाहुल्या बघायला शिकवलं, त्यानंच सकाळपासून एकाही डोळ्यात पाहिलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तिच्या हातातली सिरिंज काढून घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली.

“ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, बाई. वाचते हा,” ते नलूला म्हणाले. मग दीपमालाकडे न बघताच, “तू पास झाली.”

तिनं डोळे पुसले. “मग मी निघू, सर?”

“जातं कुठं? चाल पुढच्या खाटेवर. सकाळपासून या सगळ्यायले मीच इंजेक्शन देऊन राह्यलो.”