सावली नको होती

“‘समाजसेवेने जीवन समृद्ध झाले’ हे पाठांतर बंद कर! एनएसएसच्या शिबिरात काय घडलं ते बोल,” सराव घेताना कानडे मॅडम कडाडल्या होत्या.

म्हणून वक्तृत्व स्पर्धेच्या मंचावर तेजल म्हणाली, “आम्ही गावात झाडं लावली. शेवटच्या दिवशी आम्हीच ती उपटली.”

परीक्षकांनी माना वर केल्या.

“तिथं बायका मिरच्या वाळवायच्या. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. एक मावशी म्हणाल्या, ‘सावली पडल्यावर मिरची वाळवू कुठं?’ मग त्यांनाच विचारून झाडं एसटीच्या थांब्यापाशी हलवली.”

“आता ती जगलीत का?” परीक्षकांनी विचारलं.

मॅडमनी बोलावलेल्या त्याच मावशी मागच्या रांगेत ताडकन उभ्या राहिल्या. “न जगायला काय झालं? पाणी मी घालते!”