काळी दोन

"पाटी बघितलीस?" होझियाने विचारलं, आणि विचारल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

रुडेलने बघितली होती. वाइल्डवुडच्या त्या समुद्रकाठच्या सभागृहाबाहेर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'थर्मन बॉयकिन'. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'आणि द लॅपविंग्ज'. लॅपविंग म्हणजे टिटवी. त्या काळी फिलाडेल्फियातल्या प्रत्येक गाणाऱ्या टोळक्याला कुठल्यातरी पाखराचं नाव हवं असायचं. हे नाव रुडेलने शोधलं होतं, आईच्या स्वयंपाकघरात बसून. थर्मनला तेव्हा धड शर्ट खोचता येत नव्हता.

"मला मुंगी केलंय ना," रुडेल म्हणाला, "आज दाखवतो मुंगी कुठे चावते ते."

"आज नको रे बाबा. बस भरून म्हातारी माणसं आलीत, चर्चमधून थेट."

"बरंच झालं. साक्षीदार हवेतच."

थर्मन रंगमंचामागच्या त्याच खोलीत आरशासमोर उभा राहून केस बसवत होता. "होझिया," तो मागे न वळता म्हणाला, "तुझ्या दोस्ताला सांग, माझ्या पाठीमागे बोलायचं तर जरा हळू बोल म्हणावं."

"होझिया, त्याला सांग, बफेलोच्या हॉटेलात आम्हाला टाकून पळालास तेव्हा पाठच दाखवली होतीस. मग पाठीशीच बोलणार."

वर्षानुवर्षं दोघं असेच बोलत. मध्ये होझिया, भिंतीसारखा.

बफेलोची गोष्ट खरी होती. एका गाण्याने त्यांना रस्त्याच्या कोपऱ्यावरून उचलून टीव्हीवर नेलं. एकसारखे निळे सूट, विमानं, दारात पोरींची गर्दी. आता आपण एकटेच पुरेसे आहोत असं थर्मनला वाटलं आणि एका सकाळी तो गुपचूप निघून गेला. मग समुद्रापलीकडून गिटारवाली पोरं आली आणि एकट्याला आणि तिघांना, कुणालाच कुणी विचारेना. होझिया पोस्टात चिकटला. रुडेलने पावाची गाडी चालवली. पुढे लोकांना जुन्या गाण्यांचे उमाळे येऊ लागले, तेव्हा थर्मन परत आला, तोही तोंड वर करून, जणू कोपऱ्यावर सिगारेट आणायला गेला होता. रुडेलने त्याला घरात घेतलं, पण मनात घेतलं नाही.

तरी त्याची अब्रू रुडेलनेच राखली होती. त्यांच्या गाण्याला वाद्यं नव्हती, नुसते चार गळे. सुरुवातीला रुडेल कडेने प्रत्येक सुराचं वेगळं भोक असलेल्या एका गोल पिपाणीवर सूर द्यायचा आणि त्या पट्टीत सगळे गायचे. क्लीव्हलँडच्या कार्यक्रमात त्या गाजलेल्या गाण्याच्या शेवटी थर्मनचा आवाज जुन्या चादरीसारखा टर्रकन फाटला. सर्दी झाली होती म्हणाला. रुडेलचा काडीचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने काळी तीन सोडून त्याहून खालच्या काळी दोनचा सूर द्यायला सुरुवात केली. कुणाला काही बोलला नाही. थर्मनचा आवाज पुन्हा कधी फाटला नाही, आणि ह्या कृतघ्न माणसाने आभाराचा एक शब्द काढला नाही.

आज हिशोब चुकता होणार होता.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या. म्हाताऱ्या बायकांनी मांडीवरच्या पर्स खाली ठेवल्या. रुडेलने पिपाणी ओठांना लावली आणि जोरात फुंकली. काळी तीन.

होझियाने चमकून डोळे वटारले. थर्मनकडे बघून नव्हे, रुडेलकडे बघून. पण सूर दिला होता. होझियाने खालून ठेका धरला, जुन्या चौथ्याच्या जागी आणलेल्या भाडोत्री पोराने त्यात आवाज मिसळला आणि थर्मनने पहिली ओळ उचलली.

रुडेल वाट बघू लागला. त्याला अगदी गोड वाटत होतं. आता अडखळेल, आता खोकेल, आता घाम पुसायचं निमित्त करून तोंड फिरवेल. थर्मन अडखळला नाही. गाणं चढत गेलं तसा तोही चढत गेला, आणि शेवटच्या त्या उंच सुरावर असा जाऊन बसला की पुढच्या रांगेतली एक बाई उठून उभीच राहिली.

त्या सुराच्याही वर आता रुडेलचा बारीक, चोरटा आवाज तरंगायचा होता. सगळं गाणं त्यासाठीच प्रसिद्ध होतं. रुडेलने तोंड उघडलं. आतून टिटवी ओरडली, टिटवीही नव्हे, बिजागरी करकरली. मग तेही थांबलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.

थर्मनने गाणं हाताने थांबवलं. "मंडळी, समुद्राची वाळू घशात गेली बिचाऱ्याच्या," तो म्हणाला. सभागृह मनमोकळं हसलं. मग माईक तळव्याने झाकून तो रुडेलकडे वळला. कितीतरी वर्षांनी, मध्ये होझिया नसताना, थेट.

"वर कशाला चढलास, मूर्खा? झेपत नाही तर गप पडून राहायचं. क्लीव्हलँडपासून तुझ्यासाठी खाली गातोय मी, त्याबद्दल आभाराचा एक शब्द नाही, आणि वर हा माज!"

त्याने रुडेलच्या मुठीतून पिपाणी ओढून घेतली. "पुन्हा पहिल्यापासून, मंडळी!" लोकांकडे बघून तो हसला, आणि पिपाणीकडे न बघता, नुसतं अंगठ्याने चाचपून, त्याने बरोबर काळी दोनवर फुंकर घातली.