सोन्याच्या टोकाची वायर

पुण्यातल्या मुलानं दिवाळीला घरी चार दिवस थांबावं, म्हणून गुरम्मानं त्याच्या व्हिडिओगेमची उंदरानं कुरतडलेली वायर बदलायचं ठरवलं. लातूरचा दुकानदार म्हणाला, “अक्का, तीनशेच्या वायरीतबी हेच चित्र दिसतं. तेवीसशेवालीच्या टोकाचं सोनं निस्तं नावाला हाय.” “नावाचं का होईना, लेकराला सोनंच द्या.” रेणापूरला येऊन तिनं नव्या वस्तूला लावतात तशी दोन्ही टोकांना विभूती लावून वायर जोडली. टीव्ही काळाच राहिला. तिनं फोनवर सारं सांगितलं. एरवी दोन मिनिटांत फोन ठेवणारा मुलगा खळखळून हसला. “अव्वा, वायरीला विभूती? ब्रशनं झाड की!” तिनं टोकं झाडली. मग एकेक बटण सांगताना त्यानं गुडघ्यांचं विचारलं, जेवणाचं विचारलं. पडदा उजळला. कोपऱ्यात त्याचं नाव उमटलं. “दिसलं का, अव्वा?” तिनं टीव्हीचा आवाज हळूच बंद केला. “न्हाई रे राजा, अजून अंधारच हाय.”