सर्वज्ञाची तालीम

“तोंड जरा कमी उघडा. दातांच्या डॉक्टरकडे आलोय का आपण?” बायको म्हणाली.

प्राध्यापकांनी आरशासमोर पुन्हा भुवया उंचावल्या. “काय सांगतेस!” या वेळी आवाज चिरकला.

सर्वज्ञता हा त्यांचा विषय. तो शिकवण्यात त्यांनी उभा जन्म घालवला होता. ज्याला सगळं ठाऊक, त्याला आश्चर्य वाटूच शकत नाही, हे ते फळ्यावर सिद्ध करून दाखवत. तिथवर ठीक होतं. पण हे खूळ त्यांनी घरीही आणलं. कोणी काही सांगायला आलं, की हे आपले मान डोलवून म्हणत, “ठाऊक आहे मला.” आणि खरंच ठाऊक असे, हीच तर पंचाईत! लेक पहिल्या नोकरीची बातमी घेऊन धावत आली, तेव्हाही तेच. पोर हिरमुसली. त्यानंतर तिने बापाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. हे मात्र प्राध्यापकांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आज ती काहीतरी सांगायला येणार होती.

“आज पुन्हा ‘ठाऊक आहे’ म्हणालात, तर संपलंच,” बायकोने बजावलं. “ती काय सांगणार, ते तुम्हाला कळलेलं असणारच म्हणा.”

“म्हणजे काय!” प्राध्यापक म्हणाले.

लेकीला त्या उंच चष्मेवाल्याशी लग्न करायचं होतं. बेकरीबाहेर दोघांना एकच बिस्किट अर्धं अर्धं खाताना पाहिलं, तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं.

बेल वाजली. लेक आत आली, मागोमाग चष्मेवाला. प्राध्यापक चहाचा कप घेऊन बसले. भुवया तयार होत्या.

“बाबा, आम्ही...”

“काय सांगतेस!” प्राध्यापक ओरडले.

बायकोने डोळे वटारले. “अहो, तिला सांगू तर द्या!”

लेकीने चष्मेवाल्याचा हात धरला. “बाबा, आम्ही लग्न केलं. गेल्या वर्षीच. साक्षीदार म्हणून आईने सही केली.”

कप खाली पडून फुटला. चहा जावयाच्या मोज्यांवर उडाला. प्राध्यापक भुवया उंचवायलाही विसरले. लेक रडत-हसत त्यांच्या गळ्यात पडली. “बाबा, तुम्हाला ठाऊक नव्हतं!”

बायको तुकडे गोळा करायला वाकली आणि खुशीत त्यांच्या कानाशी पुटपुटली, “झकास केलंत हो! पण चांगला कप फोडायची काय गरज होती?”