पाणी मुरेपर्यंत

"जावईबापू, हे सगळं उघडा."

सासरे गुडघे टेकून स्टँडखाली डोकं घालून बसले होते. तिथूनच त्यांनी फर्मान सोडलं. जावई ड्रिल हातात घेऊन उभा राहिला. सकाळपासून खपून त्याने चारही पाय वरच्या चौकटीला स्क्रूने जोडले होते आणि आता शाबासकी मिळणार म्हणून तो वाट बघत होता.

"घट्ट बसलंय की, बाबा. हलवून बघा."

"रिकामं आहे तोवर काय हलतंय! टाकी भरली की चार-पाच धट्टीकट्टी माणसं वर येऊन बसल्यासारखं होणार. तुमची चौकट नुसती स्क्रूंना लोंबकळतेय. वजन लाकडाने लाकडावर घ्यायचं. स्क्रूने फक्त धरून ठेवायचं."

सगळं उघडलं. पायांना वरून खाच पाडून चौकट थेट त्या खाचेत बसवायची, असं ठरलं. अर्ध्या दिवसाचं काम वाया गेलं. जावयाला मात्र मनातून बरं वाटलं. काम आणखी एका रविवारावर गेलं होतं.

त्याला धास्ती एकच होती. टाकी उभी राहिली की सासऱ्यांना इथे यायला निमित्त उरणार नाही. स्वतःचे वडील त्याला आठवतही नव्हते. लग्नात बायको मिळाली आणि तिच्यामागून, न मागता, बाप मिळाला. हे आपल्या नशिबात कसं आलं, याचं त्याला अजून नवल वाटायचं. सासऱ्यांची नोकरी विमा कचेरीत झाली, जीव मात्र रंध्यात. मुलगी एकुलती एक, आणि तिला भुसा दिसला तरी शिंका यायच्या. शिष्य मिळाला तो जावयाच्या रूपाने. शिष्य मठ्ठ होता, पण उत्साही.

खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचेची टाकी हे जावयाचं जुनं वेड. घरात विषय निघाला की 'बघू' म्हणून मिटायचा. हॉलमधला सोफा गेला तेव्हापासून ती भिंत उघडी पडली होती. एकदा सासऱ्यांनीच तिच्याकडे बघत म्हटलं, "इथे समुद्र आणू या." त्या दिवशी जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने भुशाचं निमित्त केलं, तेव्हा घरात भुसा नव्हताच.

खाच पाडता पाडता सासऱ्यांचा फोन वाजला. जावयाने ड्रिल बंद केलं.

"हो, हो. हार्डवेअरच्या दुकानात आहे," सासरे म्हणाले. "गर्दी आहे गं. शिंपी कुठे पळून जातोय? देतो माप संध्याकाळी."

फोन ठेवून त्यांनी डोळे मिचकावले. "तुमच्या सासूबाई. या वयात नवा कोट शिवायचाय म्हणे मला."

"खोटं कशाला बोलता, बाबा?"

"चाळीस वर्षांचा संसार असा फुकट टिकतो काय?"

दुपारी जावयाने ऑम्लेट केलं, कडा कुरकुरीत, मधे मऊ. सासऱ्यांनी पहिला घास खाऊन मान डोलावली.

"हात बसला की तुमचा! पूर्वी पाणी उकळायचं तरी बायकोला हाक मारायचात."

"लग्नाने माणूस शिकतो, बाबा."

दोघेही हसले. सासऱ्यांनी आणखी अर्धं ऑम्लेट मागून घेतलं.

पुढच्या रविवारी स्टँड उभा राहिला. पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईना, तेव्हा सासऱ्यांनी फळ्यांना आणि फरशीला शिव्या घातल्या, मग एका पायाखाली पातळ पाचर सारली. बुडबुडा बरोबर मधे येऊन थांबला. रंगाचे हात देऊन झाले. टाकी चढली. बादल्यांत मीठ विरघळवून पाणी भरलं, तळाशी वाळू आणि सच्छिद्र दगड रचले. दुकानदाराने बजावलं होतं, लोणच्यासारखं पाणीही काही आठवडे मुरावं लागतं, पाणी मुरेपर्यंत मासा नाही, घाई कराल तर मासा जीव देईल.

मग नुसती वाट बघणं. सासरे तरीही रविवारी येतच राहिले. खारटपणा मोजायचा, कमी झालेलं पाणी भरायचं, आणि दोन खुर्च्या टाकून त्या दगडांसमोर बसायचं. टाकीत काही हलत नव्हतं. तरी दोघांना तिथे कंटाळा येत नसे.

"बाबा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," एका रविवारी जावई म्हणून गेला. "टाकीचेच नाही. सगळेच."

"जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात," सासरे दगडांकडे बघतच म्हणाले. "मला तो लाभला. आभार मीच मानायचे. आता रडू नका, पाण्याचा खारटपणा वाढेल."

अखेर दुकानदाराने पाणी तपासून होकार दिला. पुढच्या रविवारी दोन छोटे केशरी मासे आणायचे ठरले. सासरे निघाले तसा जावई त्यांच्यामागे दारापर्यंत गेला. इतके दिवस अडलेला प्रश्न त्याने एका दमात विचारला.

"मासे सोडले की काम संपलं, बाबा. त्यानंतरही याल?"

"काम संपलं? दर पंधरवड्याला पाणी बदलावं लागतं. ते काय शेजारी येऊन बदलणार? आणि झाकणाची फळी अजून ओबडधोबडच आहे." त्यांनी खांद्यावर थोपटलं, तसं जावयाला एकदम हलकं वाटलं. "पुढच्या रविवारी मात्र थोडा उशीर होईल. माझ्याशिवाय मासे सोडायचे नाहीत, सांगून ठेवतो."

"नाही सोडणार. किती उशीर?"

सासऱ्यांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. बांधून झाली तरी ते वर बघेनात.

"सकाळी तिचं लग्न लागलं, की तिला आणि नव्या जावयाला गाडीत बसवून सरळ इकडेच येतो."